फिरवलेली अकरा अंडी

ब्रेडा, नेदरलँड्स
दि. ६ जुलै २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

परवा ग्रीसहून सुखरूप परतले. फोनवर तेवढंच सांगितलं, कारण फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि बाबांना ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागतं. जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

मी तिकडे का गेले हे तुला ठाऊकच आहे. धम्मदीपाने शाळेत समुद्री कासवांवर भाषण केलं आणि त्या किनाऱ्यावर मदतीला माणसं घेतात हेही तिनेच शोधून काढलं. अट अठरा वर्षांची आणि आमच्या बाईसाहेब नऊच्या, म्हणून आईची रवानगी झाली. लोकेशने पंधरा दिवस घर सांभाळलं, म्हणजे बापलेकीने पंधरा दिवस पास्ता खाल्ला.

काम असं असतं. मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते, परत फिरकत नाही. पहाटे आम्ही तिच्या खुणा शोधत चालायचं, जागेवर काठी रोवायची, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून जाळी टाकायची. पाण्याच्या फार जवळ घातलेली अंडी लाटेखाली कुजतात, ती उचलून वर हलवावी लागतात. आमच्या प्रमुख देस्पिनाबाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम तीनदा सांगितला होता. अंड्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. काही तासांत आतला जीव कवचाला चिकटतो, त्यानंतर अंडं फिरलं तर तो दगावतो.

२७ जूनला सकाळी असंच एक घरटं हलवलं. पंच्याण्णव अंडी होती. देस्पिनाबाई बादलीतून एकेक देत होत्या, मी नव्या खड्ड्यात रचत होते. शेवटची थोडी राहिली तेव्हा त्यांनी विचारलं की तुझा हात इतका हलका कसा. मग मी सुरूच झाले. तुझ्या कोंबड्या, कोंबडी खुडूक बसेना तेव्हा अंडी उबवायला तू केलेली दिव्याची पेटी, अंड्यांवरच्या कोळशाच्या खुणा, आणि शाळेआधी व शाळेनंतर अंडी फिरवायचं माझं काम. सांगता सांगता माझे हात दौंडला पोचले. प्रत्येक अंडं ठेवताना मी ते अर्धं फिरवत होते. अकरावं फिरवलं तेव्हा लक्षात आलं.

कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं. तरी सांगून टाकलं. आता या मला घरी पाठवणार असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठली अकरा?” शेवटची असल्याने ती वरच होती. त्यांनी शेजारी छोटा खड्डा करून ती वेगळी पुरली, दुसरी काठी लावली आणि घरट्यांच्या वहीत नोंद केली. जगतील का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की वेळ टळून गेली होती की नाही हे मलाही सांगता येणार नाही, पन्नासेक दिवसांनी कळेल. दुसऱ्या पहाटे मला कामाला उठवायला त्या स्वतः आल्या.

इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, हे तुला सांगितलं होतं. धम्मदीपाने त्यात ऑगस्टच्या पानावर कासवांसाठी जागा राखून ठेवली आहे. तुझं नाव मात्र अजून कुठेच नाही. आधार कार्डावरची १ जानेवारी तिला चालत नाही, कारण ती ऑफिसातल्या माणसाने आपल्या मनाने घातली, असं तूच तिला सांगितलंस.

आई, ती अकरा अंडी डोळ्यांसमोरून जात नाहीत. बाबांना जयभीम सांग. रागावली असलीस तरी पत्र लिही.

तुझी,
प्रणिता


दौंड
दि. २५ जुलै २०२५

चि. प्रणितास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी मनात तीनदा वाचलं, मग बाबांना वाचून दाखवलं. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचल्यामुळे शेजारच्या शामलाबाईंनीही ऐकलं. तेव्हा तुझं गुपित स्पीकरवर गेलंच.

रागावू कशाला? फिरव म्हणून मीच तर सांगितलं होतं. कोंबडी स्वतः चोचीने अंडी फिरवते, पेटीत ते काम आपल्याला करावं लागतं. नाही फिरवलं तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. कासवांकडे नेमका उलटा कारभार आहे हे मला माहीत असतं तर तेही शिकवलं असतं.

दुसरं एक लिहिते. शाळेत असताना तू माझ्या डोक्यावरच्या अंड्यांच्या पाटीकडे बघायची नाहीस. मला ते कळायचं. रेल्वे क्वार्टर्सला अंडी द्यायला मी शाळेवरून न जाता मागून, रुळांकडून जायचे. फेरा पडायचा, पण मैत्रिणींसमोर तुझी मान खाली जायला नको असं वाटायचं. हे मी कधी बोलले नसते. पण तू परक्या मुलखात, परक्या बाईला आपणहून माझ्या कोंबड्या सांगितल्यास हे वाचलं आणि मला रडूच आलं. बाबा घाबरले, कोण गेलं म्हणून विचारायला लागले.

माझं नाव त्या कॅलेंडरवर नाही तेच बरं आहे. येता-जाता सगळे मला तिथे बसून वाचणार. कासवांना चालत असेल, मला नाही चालायचं.

देस्पिनाबाईंसाठी खाली चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांचं इंग्रजी करून पाठव आणि त्यात तुझ्या पदरचं काही घालू नकोस.

“देस्पिनाबाईंना दौंडहून कांताबाईचा जयभीम. माझ्या मुलीने अंडी फिरवली ती माझ्या शिकवणीने. वहीत दोष लिहायचा असेल तर माझ्या नावावर लिहावा. खरं सांगितलं तेही माझ्याच शिकवणीने, पण ते लिहायची गरज नाही. तुम्ही तिला हाकललं नाही, दुसऱ्या दिवशी कामाला उठवलं, याबद्दल मी तुमची फार आभारी आहे. माझ्याकडे आता तीनच कोंबड्या आहेत. इकडे आलात तर अंडी खाऊ घालीन.”

लोकेशरावांना पास्त्यातून सोडव. धम्मदीपाला पापा. माया आहे तशीच असू दे.

तुझी आई,
कांताबाई


ब्रेडा
दि. ३१ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

आधी बातमी. १९ ऑगस्टला पहाटे छोट्या खड्ड्यावरची वाळू हलली. पुढचे काही दिवस थांबून देस्पिनाबाईंनी खड्डा उकरला आणि टरफलं मोजली. अकरापैकी सात रिकामी होती. सात पिल्लं समुद्रात गेली. उरलेली चार माझ्यामुळे गेली की तशीही गेली असती, हे कोणी सांगू शकत नाही. मोठ्या खड्ड्यातलीही तेरा वाया गेली. तरी त्या चारांचं वाईट वाटतंच, आणि सातांसाठी कोणाकोणाचे आभार मानू तेही कळत नाही.

तुझ्या ओळी जशाच्या तशा पाठवल्या होत्या. देस्पिनाबाईंनी तो कागद त्यांच्या तंबूत लावला आहे. वहीत छोट्या खड्ड्यापुढे खरोखरच तुझं नाव लिहिलं आहे, पण दोष म्हणून नाही. त्यांनी लिहिलंय, ‘कांताबाईंचं घरटं’. फोटो सोबत आहे.

रुळांकडच्या रस्त्याचं वाचल्यापासून मी तुला लिहायला बसतेय आणि उठतेय. इतकी वर्षं मी समजत होते की तो रस्ता जवळचा आहे, म्हणून तू तिकडून जातेस. आई, मला तेव्हा लाज वाटायची हे खरं आहे. त्याच अंड्यांवर मी शिकले, हेही खरं आहे. मी तुझी क्षमा मागते. आणि जो फेरा तू कधी बोलून दाखवला नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार मानते.

परवा धम्मदीपाने वर्गात पुन्हा भाषण केलं. माझी आजी अंडी विकायची, असं तिने सगळ्यांना डचमध्ये सांगितलं. घरी आल्यावर कॅलेंडरच्या १९ ऑगस्टच्या रकान्यात सात कासवं काढली आणि खाली तुझं नाव लिहिलं, मराठीत, ‘आजी’. लोकेशने विचारलं की हे काय. तर म्हणाली, घरटं आजीचं, मग दिवसही आजीचाच. कॅलेंडर आता स्वयंपाकघरात आणून लावलं आहे, तेवढी तुझी सोय केली.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रणिता


दौंड
दि. १९ सप्टेंबर २०२५

चि. प्रणितास व चि. धम्मदीपास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

फोटो बाबांनी फ्रेम करून आणला. शामलाबाई येऊन बघून गेल्या. सात पिल्लांचं ऐकून मी त्या दिवशी तिन्ही कोंबड्यांना बाजरी घातली.

क्षमा कसली मागतेस? त्या रस्त्याला चिंचेची सावली होती. फेरा पडायचा, पण ऊन लागायचं नाही.

धम्मदीपा, मी कधी जन्मले हे माझ्या आईलाही सांगता यायचं नाही. इतकी वर्षं मला दिवस नव्हता, तो तू दिलास. मी १९ ऑगस्टला काय करत होते ते आठवून पाहिलं. मेथी निवडत होते आणि आजोबांवर चिडले होते. आपला वाढदिवस आहे हे माहीत असतं तर चिडले नसते.

तुमचीच,
कांताबाई