जावई नावाचा डबा

३ मार्च
आलो एकदाचा! लढाई तिकडे डोंगरापलीकडे आणि माझी नेमणूक इकडे रसदीच्या गोदामात, पक्क्या छपराखाली. आई म्हणाली होती, नशीब काढलंस. आघाडीवर माल नेणारा ड्रायव्हर भलताच बोलका. शिपायांनी शिध्याला ठेवलेली नावं त्याने सांगितली आणि मी ती हसत फळ्यावर लिहून काढली. बिस्कीट म्हणजे कौल. जॅम म्हणजे वंगण. सूपची वडी म्हणजे सासूची माया, कितीही उकळा, पाण्यात उतरत नाही.

७ मार्च
मटणाचे डबे आले. चाळीसेक फुगलेले. आतलं मांस कुजलं की डबा फुगतो. गोदामप्रमुखांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी युक्ती दाखवली: खिळ्याने भोक पाडायचं, वायू सोडायचा, डबा चपटा झाला की वितळलेल्या शिशाचा डाख देऊन भोक बुजवायचं. वासाने मला ओकारी आली. मामा म्हणाले, माल कमी भरला तर आपल्यालाच आघाडीवर धाडतील. मग दिले मी डाख. माझा हात मुळात सफाईचा. दुसरा कुणी असता तर त्यानेही हेच केलं असतं.

१५ मार्च
ड्रायव्हर परतला. टेकडीवरच्या चौकीत अकरा जण गेले. गोळीने नाही, माझ्या डब्यांनी. त्यात त्याचा धाकटा भाऊ होता. डाखाच्या डब्याला चौकीतले जावई म्हणत: पुन्हा फुगलेला असला तरी आत घ्यावाच लागतो. नाव ठेवल्याशिवाय कशालाच तोंड लावायचं नाही, हा त्यांचा रिवाज. मरताना ते एकच विचारत होते, डाख कुणी दिला.

“मी सांगितलं,” ड्रायव्हर म्हणाला. “मरणाऱ्याशी खोटं बोलवत नाही.”

१८ मार्च
भर दुपारी डब्यांच्या थप्पीमागून चमच्यांचा आवाज. मामा म्हणतात, उंदीर. उंदीर चमच्याने खातात होय?

२० मार्च
मामा खुर्चीत सापडले. पोट टम्म. बेंबीशेजारी भोक, त्यावर शिशाचा डाख, अजून गरम. फळ्यावर सासूच्या मायेखाली नवी ओळ: मामा म्हणजे चामडं. खरं सांगतो, बरं वाटलं मला. त्यांनीच शिकवलं होतं. करावं तसं भरावं. चौकीतल्यांचा सूड पुरा झाला, आता मी सुटलो.

२१ मार्च
चमचे थांबले नाहीत. ओरडून सांगितलं, हुकूम मामांचा होता. थप्पीमागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, “हात तुझा होता.”

२२ मार्च
पत्र्याचं दार उघडत नाही. कडेने सगळीकडे डाख— सफाईचा, माझ्यासारखाच—

खिडकीतून ड्रायव्हर दिसतोय. हाका मारल्या. ऐकू जातंय त्याला. टोपी काढून उभा आहे, येत नाही—

फळ्यावर नवी ओळ. मी म्हणजे— पुढे कोरं. त्यांचं एकमत होत नाहीये. हसताहेत. भांडत राहा रे बाबांनो, पाया पडतो, ठरवू नका—

हसणं थांबलं.

त्यांनी खडू उचलला. मी म्हणजे