काळ्या खोळीचं माप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
गणपती विसर्जनानंतरचा रविवार

ती. इरावतीताईस,

धाकट्या गुरूचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षात जमत नाही, म्हणून कागदावर घालतो.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझे गुडघे काय म्हणतात? मागच्या खोलीची कौलं यंदा तरी शाकारून घेतलीस का? दाजी गेल्यापासून एवढ्या घरात तू एकटी, त्यात गगनबावड्याचं धुकं असं की माणूस अंगावर आल्याशिवाय दिसत नाही, या विचाराने मला इथे घोर लागतो. (म्हणजे पत्र लिहायला बसलो की लागतो, खोटं कशाला बोलू.) हे पत्र हातोहात पाठवतो आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि पोस्टाने धाडलं तर देवळीत ठेवून विसरशील. सोबत कांदालसूण चटणीची बरणी आहे. विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाच, मध्येच उठू नकोस.

तर बातमी अशी की आमच्या तालमीच्या गणपतीपुढच्या सजीव देखाव्याला यंदा दुसरं बक्षीस मिळालं. देखाव्याचा विषय होता फाशी, आणि गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी ज्याला फाशी दिली जात होती तो तुझा धाकटा भाऊ. घाबरू नकोस, गळ्याला फक्त दोर घासला आहे, हळद लावतो आहे.

आता तू कपाळावर हात मारून म्हणशील, आपल्या घरात असं घडून गेल्यावर याला हे नाटक सुचलं तरी कसं. तेच सांगायला बसलो आहे. प्रमोदिनीमावशीला जाऊन दीड वर्ष होत आलं. ('जाऊन' म्हणतो, दुसरा शब्द अजून माझ्याच्याने लिहवत नाही.) तिनेच ज्याला बाराखडी शिकवली त्या पृथ्वीराजने तिच्या हातातल्या पाटल्यांसाठी जे केलं, ते त्यानेच केलं याबद्दल मला शंका नाही. तो कळंब्याच्या जेलमध्ये आहे, खटला चालू आहे, निकाल लागायचा आहे. त्याची आई धोंडुबाई तालमीच्या समोरच्याच खोलीत राहते आणि शिवणकाम करते. तू तिला पाहिलेलं नाहीस. तुझं लग्न झाल्यावर ती गल्लीत आली आणि मावशीला नेलं त्या दिवशी तिने दार उघडलं नव्हतं. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मावशीने घातल्या, तेव्हा त्या दिवशी तू जे बोललीस ते बोलायचा तुला हक्कच होता. त्या बाईचं तोंडसुद्धा मला दिसू नये, असं म्हणालीस आणि परत कोल्हापुरात पाऊल टाकलं नाहीस. ते मी विसरलेलो नाही. पण या पत्रात त्या बाईचंच काय करायचं हा प्रश्न आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की श्रावणात तालमीची बैठक भरली. गेल्या वर्षी आम्ही पंचगंगेचं प्रदूषण दाखवलं होतं, त्यात नदी झालेल्या पोराला हिरव्या रंगाची ॲलर्जी आली आणि बक्षीस शेजारच्या पेठेने नेलं. त्यामुळे अध्यक्ष सयाजीने उभं राहून सांगून टाकलं, "औंदा आपण फाशी द्यायची." कुणाला, ते सांगायची गरजच नव्हती. टाळ्या पडल्या. मग सयाजी म्हणाला की आता चर्चा झाली पाहिजे. (सयाजी पक्का लोकशाहीवादी आहे, निर्णय झाल्याशिवाय तो चर्चा सुरू करत नाही.) चर्चा भरपूर झाली. दोर नायलॉनचा की सुंभाचा, जनरेटर कुणाचा, आणि माजी नगरसेवकांचा फोटो फासाच्या वर लावायचा की खाली. या तिसऱ्या मुद्द्यावर दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. फाशी असावी की नसावी हा मुद्दा कुणाच्याही मनाला शिवला नाही. नुसतं खटल्याचा निकाल लागायचा आहे एवढं म्हणालो असतो तरी लोकांनी मला 'सर, तुम्ही दमला असाल' म्हणून चहा पाजून घरी धाडलं असतं.

मावशीची वर्गातली लोकसभा आठवते ना तुला? बोलायला उभं राहिलेल्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की समोरचा म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. मगच स्वतःची. मी रडकुंडीला यायचो, कारण समोरच्याची बाजू मांडता मांडता मला तीच पटायची. तो नियम आमच्या बैठकीला लावला असता तर सगळी तालीम मुकी झाली असती.

एकटे अण्णासो उठले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, गल्लीच्या टोकाला राहतात, रोज सकाळी मला 'जयभीम, सर' म्हणून पेपर मागून नेतात आणि शब्दकोडं सोडवून परत देतात. ते एवढंच म्हणाले की देखावा काय हवा तो करा, पण मांडव धोंडुबाईच्या दारासमोर येतो, तेवढा या वेळी पलीकडच्या टोकाला घ्या. झालं. एकाने विचारलं तुम्ही त्याच्या बाजूचे काय, दुसरा म्हणाला मांडवाची जागा आज्ज्यापासनं तीच हाय, तिसऱ्याने त्यांना वकील लावायला सांगितलं, आणि मागून कुणीतरी ओरडलं की तुमच्या घरात झालं असतं म्हंजे कळलं असतं. यावर सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कारण ज्याच्या घरात झालं होतं तो मी तिसऱ्या रांगेत शेंगदाणे खात बसलो होतो.

ताई, तुझ्यापासून काय लपवायचं. मावशीचे ते मोकळे हात मी पाहिले तेव्हा दोर माझ्या हातात दिला असता तर मीच ओढला असता. अजूनही एखाद्या सकाळी तसंच वाटतं. आणि तरी अण्णासो मांडवाबद्दल म्हणत होते ते अगदी खरं होतं. ही दोन्ही वाक्यं एका दमात कशी बोलायची ते मला कळेना, म्हणून मी चष्मा काढून पुसत बसलो. तेवढ्यात हात वर झाले. विरोधात अण्णासोंचा एक. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही मतदान झालं, त्यात दुबईत नोकरीला असलेल्या एका पोरानेसुद्धा होकाराचा अंगठा धाडला. त्याचं धोंडुबाईच्या दाराशी काय देणंघेणं ते तोच जाणे.

मी आरोपी कसा झालो, तर माझ्या विद्वत्तेमुळे. घरचा माणूस म्हणून त्यांनी मला न्यायाधीशच करायचं ठरवलं होतं, काळा झगा वगैरे. मी उठून समजावलं की नात्यातल्या माणसाला त्या खटल्यात न्यायाधीश होता येत नाही, हे न्यायाचं तत्त्व आहे. सयाजीला तत्त्व पटलं आणि झगा माजी नगरसेवकांच्या मेव्हण्याला गेला. मग कळलं की पहिल्या प्रवेशात मावशीचा खून दाखवणार आणि सयाजीचा भाचा साडी नेसून मावशी होणार. मी संतापलो. मावशी रंगमंचावर येणार असेल तर मी पोलिसांत जाईन म्हणालो. शेवटी तडजोड झाली. तो प्रवेश कापायचा, आणि त्या बदल्यात आरोपी मी व्हायचं, कारण फासाखाली उभं राहिल्याने आयुष्य घटतं म्हणून दुसरं कुणी तयार नव्हतं. सयाजी म्हणाला, "सर, नुसतं हुबं ऱ्हायचं हाय. बोलायचं कायबी न्हाय." आयुष्यभर वक्तृत्व शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं!

देखावा असा. मेव्हणा न्यायाधीश आरोप वाचतो. (रोज एक शब्द चुकायचा, 'निर्घृण' तर एकदाही धड आला नाही.) मग तो लोकांना विचारतो, फाशी का जन्मठेप, हात वर करा. सगळा रस्ता हात वर करून ओरडतो, फाशी! माझ्या गळ्यात दोर पडतो, डोक्यावर काळी खोळ चढते, ढोल वाजतो, पडदा पडतो. एकदा कोडोलीचे पावणे पडदा पडल्यावर आत आले आणि म्हणाले, परत एकदा द्या की, पोरगं आईस्क्रीम आणायला गेलतं, त्याचं बघायचं ऱ्हायलं. त्यांच्या पोरासाठी मला परत दिली. ती खोळ मला फार ढगळ होती, थेट खांद्यापर्यंत यायची. मी रोज तक्रार करायचो आणि रोज सयाजी म्हणायचा, फाशीच्या माणसाला फिटिंग काय करायचंय.

मग एका संध्याकाळी ऐन ढोलाच्या वेळी जनरेटर गेला. लोक ओरडले, आणि शेजारच्या पेठेत लाइट आहे म्हणून तिकडे पळाले. कार्यकर्ते जनरेटरच्या मागे लागले. मी तिथेच. डोक्यावर खोळ, हात मागे बांधलेले, नाकाच्या शेंड्याला खाज, आणि हाका मारल्या तर ढोलवाल्यांना वाटलं सर तालीम करतायत. करायला काही नसलं की माणूस जिथे असतो तिथलं बघतो. मी खोळीत होतो. बाहेरून ते कापड घोंगडीसारखं खरखरीत, पण आतून गालाला मऊ लागत होतं. आत जुनेराचं, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं अस्तर होतं, शिवण बाहेरच्या अंगाला घेतलेली, तोंडाला टोचू नये म्हणून. देखाव्याच्या कपड्याला एवढी माया कोण करतं, असा विचार मनात आला.

सुटल्यावर सयाजीला विचारलं, खोळ शिवली कुणी. तो म्हणाला, "नेहमीच्याच मावशीनं की सर." दरसालचे कपडे धोंडुबाईच शिवते, म्हणून यंदाही कापड तिच्याच दारात टाकून आला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, केवळ सवय. तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि तो पायरीवर डोकं धरून बसला. (सयाजीला वाईट म्हणू नकोस. मावशीला पहिला खांदा त्यानेच दिला होता.)

मी रस्ता ओलांडून तिच्या दारात गेलो. दीड वर्षात पहिल्यांदा. ती मशीनवर बसली होती, पण मशीनवर कापड नव्हतं, कारण गल्लीतल्या बायका आता ब्लाउज दुसरीकडे टाकतात. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं हे कशासाठी आहे? ती म्हणाली, "ठावं हुतं की. कापड लई जाड हुतं, सर. आत दम कोंडला असता माणसाचा."

मी म्हणालो, मला ती खोळ फार मोठी होते. तिने दोऱ्याचं रीळ हातात फिरवलं आणि म्हणाली, "माप कुणी दिलंच न्हाय. मग पोराच्या मापानं शिवली."

ताई, मी तिथे बसून रडलो. मावशी गेली तेव्हा सगळ्यांना आवरत होतो म्हणून रडायचं राहिलं होतं, ते सगळं त्या खोलीत बाहेर आलं. तिने तांब्या पुढे केला. पोराची बाजू तिने एका शब्दाने घेतली नाही. एवढंच म्हणाली, "त्यानं केलं, त्येची सजा त्येला हुईल. सरकार देईल ती देईल. मला कुणी हात वर कर म्हणू नगा."

दुसऱ्या दिवसापासून सयाजीने मतदान बंद केलं. लोक ऐकेनात. आम्हाला मत द्यायचंय म्हणून त्यांनी रस्ता अडवला, तेव्हा परत चालू करावं लागलं. मी काम सोडायला हवं होतं, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो. सोडलं नाही. आता मांडव उतरला आहे, पण लोक येतात, त्याचं घर हेच का म्हणून विचारतात आणि तिच्या दाराचे फोटो काढतात. अण्णासो खुर्ची टाकून तिथे बसतात, म्हणून निदान कुणी आत वाकून बघत नाही.

असो. पत्र लांबलं. गुडघ्यांना तेल लाव, पावसात परसात जाऊ नकोस.

तुझा धाकटा,
गुरू

ता. क. तुझी मागची खोली रिकामी आहे. धोंडुबाईला चार महिने तरी गल्लीपासून लांब राहायला हवं. पोराच्या जेलमधल्या मुलाखतीच्या दिवशी ती एसटीने कळंब्याला जाऊन येईल.

आणखी ता. क. मावशीच्या नियमाने आधी तुझी बाजू मांडतो. जिच्या पोराने माझ्या मावशीला मारलं तिला मी माझ्या चुलीवरची भाकरी वाढायची? सकाळी उठून तिचंच तोंड बघायचं? तिच्या पोराचा जीव राहावा म्हणून ती देवापुढे हात जोडणार, आणि मी त्याच देवापुढे काय मागायचं? गुरूला दुसऱ्याच्या घरात दानधर्म करायला काय जातं, स्वतःच्या घरी का नाही ठेवत? बरोबर मांडली ना? आता माझी बाजू मांडायची, तर माझ्या घराचं दार त्याच गल्लीत उघडतं, याखेरीज माझ्याकडे काही नाही. आणि ती खोळ.

शेवटचं. बरणी घेऊन आलेली बाई तीच आहे. चटणीही तिनेच कुटली आहे. तुझं म्हणणं मी तिला सांगितलं आहे, त्यावर ती म्हणाली, न्हाय म्हणल्या तर शेवटच्या येष्टीनं परत येते. तू वाचत होतीस तेवढा वेळ ती ओसरीवर उभी असेल, बस म्हटल्याशिवाय ती बसायची नाही, आणि तुझ्याकडे पाऊस आहे. ताई, तिला आधी आत घे. मग मला काय बोलायचं ते बोल.