मच्छरदाणीतला मळा

३ एप्रिल, सकाळी ९

ही आज मुलीकडे गेली. मुलीचं बाळंतपण. दोन महिने तरी परत येत नाही. परसबाग माझ्या ताब्यात. काकडीचे चार वेल, भोपळ्याचे दोन, खरबुजाचे तीन, टोमॅटोची सहा रोपं. सगळं हिनंच लावलेलं.

टॅक्सीत बसता बसता सूचना चालूच. सकाळी पाणी घाला, बाकी काही म्हणजे काही करू नका. अडलं तर शेजारी विचारा. आणि त्यांच्याशी भांडू नका. अख्ख्या गल्लीत आपल्याशी बोलणारं ते एकच घर उरलंय. मी येईपर्यंत तेवढं टिकवा, म्हणाली.

मुळात मी भांडत नाही. लोक चुकतात, मी दाखवून देतो. पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. माझ्या शिक्क्याशिवाय एक पातं हललं नाही. तो मी वेलींबद्दल शेजाऱ्याला विचारू? तेही रिटायर्ड बस कंडक्टरला?

संकल्प: ही येईल त्या दिवशी टेबलावर खरबूज. घरच्या वेलाचं. हिला फार आवडतं. ही नेहमी म्हणते, तुमच्या हातून जिवंत काही वाढत नाही. घोडामैदान जवळच आहे.

४ एप्रिल, सकाळी ६.३०

भिंतीपलीकडून हाक. कंडक्टर. काय साहेब, झोप झाली का?

याला माझ्या झोपेशी काय करायचंय? मी केव्हा झोपतो, केव्हा उठतो ही माहिती सहसा कोणाला लागते? विचार करण्यासारखं आहे.

९ एप्रिल

रोज साडेसहाला हाक. एक दिवस खाडा नाही. आज म्हणाला, वेल छान धरलेत. फुकट स्तुती करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय. वर भिंतीवरून शेणखताची पिशवी दिली. हिला शब्द दिलाय म्हणून घेतली. वापरली नाही. कोपऱ्यात ठेवून वर तारखेची चिठ्ठी लावली. आठ दिवस निरीक्षणाखाली.

१७ एप्रिल

भोपळ्याला फुलं! पिवळीधमक. मोजली. चौदा. हिला फोन करून सांगितलं. तिनं आधी कंडक्टर कसे आहेत ते विचारलं.

१८ एप्रिल, सकाळी ७

फुलं नऊ. पाच कमी.

पुन्हा मोजली. नऊच. वेलाखाली दोन सुकलेली सापडली. उरलेल्या तिन्हींचा पत्ता नाही. रात्रीतून फुलं चालत जात नाहीत.

२० एप्रिल, सकाळी ६.४०

रंगेहाथ पकडला. स्टुलावर चढून भिंतीपलीकडे पाहिलं. कंडक्टरच्या हातात भोपळ्याचं फूल! पाकळ्या सोलून मधला दांडा दुसऱ्या फुलात हळूच फिरवत होता, कानात कापूस घालावा तसा. मला पाहून दचकला नाही. मुरलेला आहे.

मी विचारलं, हे फूल कोणाचं? म्हणाला, माझंच की. हल्ली मधमाश्या कमी झाल्यात साहेब, म्हणून हातानं करावं लागतं. नर फुलातलं मादी फुलाला लावायचं, तेव्हा फळ धरतं. मी माझ्या पाच फुलांचं विचारलं. म्हणे, नर फुलं एका दिवसात गळतातच. आधी तीच येतात. त्यांना फळ धरत नाही.

विचारायच्या आत एवढी सगळी उत्तरं तयार असतात ती कोणाकडे? कारखान्यात रद्दी माल खपवायला येणारे असंच बोलायचे.

२१ एप्रिल

तरी त्याच्या बोलण्यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. काही फुलांना फळ धरतच नाही! म्हणजे वेलाचं पाणी प्यायचं, जागा अडवायची आणि काम शून्य. असे लोक प्रत्येक खात्यात पाहिलेत. आज ज्या फुलांच्या मागे इवलं फळ दिसत नाही ती सगळी खुडली. रिजेक्ट. पंचवीस. ज्यांच्या मागे फळ आहे ती पास. भोपळ्याची चार, काकडीची सात. देठांना दोरा बांधला.

बाग एकदम शिस्तीत दिसते.

२२ एप्रिल

आता बंदोबस्त. घरातल्या दोन्ही डबल बेडच्या मच्छरदाण्या काढल्या. बांबू रोवून सगळ्या वाफ्यांवर ताणल्या, मध्ये चिमटे लावले, खाली विटा. पाणी बाहेरून पाइपनं. हात आत जाऊ शकत नाही. कोणाचाच.

दुपारी कंडक्टर भिंतीशी येऊन चक्क कळवळला. अहो साहेब, ही जाळी काढा, मधमाश्या आत कशा जाणार? मी शांतपणे म्हटलं, कोणीच आत जाऊ नये म्हणून तर लावलीय. चेहरा पडला त्याचा. चोराच्या मनात चांदणं.

डास मला चावतात. चावोत.

२९ एप्रिल

अंगठ्याएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळतायत. सातपैकी सहा गेल्या. चारही भोपळे सुपारीएवढे होऊन सडले. आत कोणी शिरलेलं नाही, विटा जागच्या जागी. म्हणजे फवारणी. वाऱ्याची दिशा तपासली. वारा त्याच्याकडूनच येतो.

रोज नवी फुलं येतात. रोज चिमटे काढून ती खुडतो, पुन्हा चिमटे लावतो. एकही ऐतखाऊ ठेवत नाही.

६ मे

मुलीला मुलगी झाली. दोघी खुशाल. सातवी काकडीही गेली.

हिच्याशी बोललो. आवाज आनंदानं चिरकत होता. बाळाचं नाक माझ्यासारखं आहे म्हणे. तेवढ्यातही विचारलं, कंडक्टरशी बोलता ना? मी म्हटलं, रोज. यात खोटं काही नाही.

११ मे

कंडक्टरला सहा मुद्द्यांची नोटीस दिली. फुलं गहाळ होणे, कोवळी फळं गळणे, संशयास्पद स्तुती वगैरे. एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला. कंडक्टरनं भिंतीशी उभं राहून पूर्ण वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, आजी आजोबा झालात, पेढे नाही तर निदान साखर तरी द्या.

ही बातमी याला कोणी दिली? मी तर दिली नव्हती.

१२ मे, सकाळी ६.३०

नोटीस मिळूनही हाक. काय साहेब, झोप झाली का? कोडगा.

२० मे

टोमॅटो तीन लागलेत. बोराएवढे. पण लागलेत. बाकी मांडव हिरवागार आणि फळांचा पत्ता नाही. दोष सिस्टिमचा नाही. बियाणं तपासलं पाहिजे. बियाणं हिनं आणलं होतं, पण ते हिला फोनवर सांगितलं नाही. मी समजूतदार माणूस आहे.

आज कंडक्टर घरासमोर येऊन खिडकीतून म्हणाला, साहेब, तुमचा एक वेल... मी खिडकी लावून घेतली. गोड बोलून गळा कापणारे मला नवे नाहीत.

२४ मे

पुन्हा आला. पुन्हा लावून घेतली.

२ जून

हिचा फोन. आठ तारखेला येते. परसात काय काय झालंय? मी म्हटलं, प्रत्यक्षच बघ. खरबुजाच्या वेलांना एकही फळ नाही. हिला काय दाखवू? वही दाखवता येईल, पण वही खाता येत नाही.

४ जून, दुपारी १२

इतिहासात नोंद व्हावी असा दिवस.

सकाळी पाणी घालताना वास आला. खरबुजाचा. पिकलेल्या खरबुजाचा. भिंतीपलीकडून! स्टुलावर चढलो. कंडक्टरच्या बाजूला, भिंतीच्या अगदी कडेला, दोन खरबुजं. एकेक विटेवर ठेवलेलं, खाली पोत्याचा तुकडा. याच्या बागेत खरबूज मुळी लावलेलंच नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच टिपून ठेवलंय.

धावत जाऊन सेक्रेटरीला आणलं. वाटेत मोठ्यानं बोलत गेलो, म्हणजे साक्षीदार आपोआप जमा होतात. शिंपी आला, कोपऱ्यावरची बाई आली, आणखी पाचसहा जण. सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हटलं, हा चोर.

सेक्रेटरी खाली वाकला. खरबुजाचा देठ हातात धरून वेल मागे मागे चाचपत गेला. वेल भिंतीच्या बुडाशी पाणी जायला ठेवलेल्या भोकात शिरला होता. मग आम्ही सगळे फिरून माझ्या परसात आलो. वेल या बाजूला बाहेर येऊन मच्छरदाणीखालून माझ्या वाफ्यात गेला होता. मूळ माझ्याच आळ्यात.

सेक्रेटरी म्हणाला, वेल तुमचाच आहे. तुमच्या जाळीतून पळून तिकडे गेला, म्हणून तर फळ धरलं.

शिंपी हसला. नऊ वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदाच.

कंडक्टर हसला नाही. म्हणाला, मी दोनदा सांगायला आलो होतो. वहिनी यायच्या बेतात पिकतील म्हणून राखत होतो. मग आत जाऊन सुरी आणली, दोन्ही खरबुजं देठासकट कापली आणि पोत्याच्या तुकड्यांसह भिंतीवर ठेवली. म्हणाला, सदतीस वर्षं गळ्यात लोकांच्या पैशांची बॅग होती साहेब. कोणी मला चोर म्हटलं नाही.

एवढं बोलून घरात गेला. जमलेली माणसंही गेली.

नोंद: खाई त्याला खवखवे. (दुरुस्ती: त्यानं खाल्लेलं नव्हतं.)

५ जून, सकाळी ६.३०

हाक नाही.

६.४५. नाही.

७.००. त्याच्याकडे पाइपचा आवाज आहे. म्हणजे उठलाय. हाक नाही.

६ जून

नाही. भिंतीशी जाऊन दोनदा खोकलो. बादली आपटली. घरातलं घड्याळ पुढे गेलंय का ते पाहिलं. बरोबर आहे.

दोन महिने याच्या हाकेनं डोकं उठायचं, आता शांतता हवी तशी मिळालीय. शांततेत चहा घेतला. गार झालेला आढळला.

७ जून

ही उद्या येणार म्हणून मच्छरदाण्या काढून धुवायला टाकल्या. दहा मिनिटांत परसात मधमाश्या. सातआठ तरी. इतके दिवस कुठे होत्या देव जाणे.

कंडक्टरला सॉरी म्हणावं असं मनात आलं. पण माझी चूक फक्त वेलाच्या मालकीपुरती होती. नोटिशीतले सहाही मुद्दे अजून उघडेच आहेत. ही आल्यावर बघू.

८ जून, संध्याकाळी ७

ही आली. मोबाइलवर बाळाचे फोटो दाखवले. नाक खरंच माझं आहे, बिचारीचं. मग मी खरबूज कापलं. हिनं फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, म्हणाली, अहो, किती गोड. तुम्ही वाढवलंत? मी म्हटलं, माझ्या देखरेखीखाली.

अर्धं खरबूज ताटलीत घालून ही कंडक्टरकडे गेली. मी थांबवायला हवं होतं. कसं थांबवणार?

अर्ध्या तासानं आली. ताटली धुऊन आणलेली. माझ्यासमोर बसली. रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तरं देता आली असती, तयार होती.

म्हणाली, गल्लीत माझ्याशी सगळेच बोलतात हो. शिंपी बोलतात, कोपऱ्यावरची तर रोज येते. तुमच्याशी बोलणारे ते एकटेच उरले होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी 'आपल्याशी' म्हटलं. जाताना त्यांना सांगून गेले होते, रोज सकाळी एक हाक मारा. मी नसताना दोन महिने यांच्या कानावर माणसाचा आवाज तरी पडू दे. रोज रात्री त्यांना फोन करून विचारायचे, आज कसे होते.

मी विचारलं, तो काय म्हणाला. म्हणाली, आठ दिवस ते माझ्या शब्दाखातर हाक मारत होते. पुढं त्यांनाही सवय झाली. एकटेच असतात ना. सकाळी तुमचं काहीतरी ऐकलं की दिवसभर हसू यायचं म्हणे. आता म्हणाले, वहिनी, तुम्ही केव्हाही या. पण साहेबांना हाक मारणं जमायचं नाही.

म्हणजे कट होताच. पहिल्या दिवसापासून होता. रोज रिपोर्ट जात होता. दोघं सामील होते. माझा संशय अक्षरशः खरा ठरला.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षांत कधी असं झालं नाही, बरोबर ठरलो आणि आनंद झाला नाही. जेवलो नाही. हिनंही आग्रह केला नाही.

९ जून, सकाळी ६.३०

भिंतीशी जाऊन उभा राहिलो. काय विचारायचं ते ठरवून गेलो होतो. खरबुजाच्या बिया किती दिवस वाळवायच्या. अगदी साधा प्रश्न, ज्याला येतं त्यालाच विचारण्यासारखा.

पलीकडे पाइप चालू होता. मी विचारलं.

पाइप बंद झाला. मग दार लागल्याचा आवाज आला.

पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. उद्या जरा मोठ्यानं विचारीन.