स्वयंपाकघराजवळचं मेपल

शनि., २ मार्च १९९६
मीनलला चौथीचा प्रोजेक्ट : आपलं राज्य. व्हरमाँटचं झाड शुगर मेपल, फूल लाल क्लोव्हर, प्राणी मॉर्गन घोडा. पेय चक्क दूध! हसू आलं. ऑक्टोबरात सुनंदा गेल्यानंतर पहिल्यांदाच बहुतेक. धंदे : दूध, ग्रॅनाइट, सिरप, टूरिस्ट. "अँड बाबांची चिप फॅक्टरी," मीनल. चार्टवर माणसांपेक्षा गाई जास्त.

मंगळ., ५ मार्च
शेजारचा म्हातारा अर्ल गावसभेहून परस्पर आला. दर मार्चात आमच्या तीन मेपलना भोक पाडून रसासाठी बादल्या लावतो. आम्ही घर घेण्याआधीपासूनची रीत. आम्हाला एक गॅलन सिरप. यंदा दोनच झाडांना लावल्या. तिसरं स्वयंपाकघराजवळचं. त्याच्या बुंध्याशी नोव्हेंबरात सुनंदाच्या अस्थी पुरल्या, खड्डा अर्लनेच खणला होता. ते झाड त्याने आपणहून वगळलं. बरं वाटलं.

बुध., ६ मार्च
मीनल : "आईच्या झाडाला बकेट का नाही? शी'ल फील लेफ्ट आउट."
म्हटलं, त्याला भोक नको.
"आई तर बोट घालून चाखायची!"
जेवली नाही नीट.

शनि., ९ मार्च
दोघं अर्लच्या रस आटवायच्या खोपीत. चाळीस बादल्या रस, एक बादली सिरप. गुऱ्हाळासारखी वाफ, पण धुराचा वास जास्त. गाई विकल्यापासून त्याला एवढंच काम. विचारलं, रस मुळांतून येतो ना? (सुनंदा मुळांशी आहे, तेच मनात सलत होतं.)
"पाणी मुळांतून. साखर गेल्या उन्हाळ्यातल्या पानांची. झाड खोडात राखून ठेवतं."
गेल्या उन्हाळ्यात सुनंदा त्याच झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून मटार सोलायची.
"देन इट्स ओके, बाबा?"

रवि., १७ मार्च
अर्लने गिरमिट हातात दिलं. "तुझं झाड, इंजिनिअर. तूच ठरव." रात्री गोठायचं थांबलं की रस संपतो. आठवडा मिळेल फार तर. भोक कमरेच्या उंचीवर, जुन्या खुणांपासून लांब पाडायचं. टोक सालीवर टेकवलं. मीनल बादली धरून. "हळू हं, बाबा."
आज नाही जमलं. गिरमिट ओट्यावर आहे. मीनलने बादली झाडाखालीच ठेवलीय. उपडी, आत बर्फ पडू नये म्हणून.