प्लगवरचे ठिपके

३ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आपल्या धाकट्याने त्याच्या गाडीचे पाठवलेले आकडे पाहिले. गाडी साडेतीन हजार आरपीएमपर्यंत पेंगते आणि मग एकदम लाथ मारते, ही त्याची तक्रार खरी आहे. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो लवकर जागा व्हावा म्हणून हवेचा दाब थोडा वाढवून नवीन मॅप, म्हणजे हवा-पेट्रोलचं कोष्टक, त्याच्या लॅपटॉपवर पाठवलाय. पूर्ण रेटल्यावर एक भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा ठेवलीय. पेट्रोल आणखी कमी केलं तर जोर वाढेल, पण आत उष्णता वाढून पेट्रोल अवेळी पेटेल, ठोके पडायला लागतील आणि ते पिस्टन खातील. या जुन्या इंजिनाला ठोके ओळखणारा सेन्सर नाही. तेव्हा सेन्सर तुम्हीच. बॉनेट न उघडता कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगणारा माणूस घरात असताना मला कशाला काळजी?

चार महिने झाले, तुम्ही फोन उचलत नाही, पत्रच लिही म्हणता. पोस्टाने गाडी ट्यून करणारी मी जगात पहिलीच असेन. महिनाअखेरीस त्याची चढणीची शर्यत आहे, म्हणून लवकर कळवा.

पायांवर डोकं ठेवून,
तुमची खटपटी


९ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

धाकट्याच्या शेजारी बसून टेकडीवर तीन फेऱ्या मारल्या. गाडी आता लवकर उचलते, पण मागून काळा धूर सोडते. पेट्रोल उगाच जळतंय, कमी कर. ठोके म्हणशील तर एकही नाही. इतकं शांत इंजिन मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

फोनचं काय सांगू, हल्ली सगळेच पुटपुटतात. धाकटासुद्धा जेवताना तोंडातल्या तोंडात बोलतो आणि पुन्हा विचारलं की वैतागतो. तुझं अक्षर तेवढं स्पष्ट आहे.

जेवणाच्या वेळा पाळ, नाहीतर तुझ्यातच पेट्रोल कमी पडायचं.

बाबा


१३ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं पेट्रोल कमी केलंय. हवा आता साडेबारा भागांवर गेलीय. आमच्या वर्कशॉपचे मालक आकडे बघून म्हणाले की हा मॅप गिऱ्हाइकाला दिलास तर उद्यापासून येऊ नकोस. मी त्यांना सांगितलं की आकड्याचं आणि माझ्या बाबांच्या कानाचं भांडण झालं तर मी कानाच्या बाजूने.

सांगितलं खरं, पण दोन दिवस माझं कशात लक्ष नाही. हातातला पाना कुठे ठेवला तेही आठवत नाही. चार-पाच फेऱ्या झाल्या की स्पार्क प्लग काढून पाठवा. प्लग खोटं बोलत नाही, हे तुमचंच वाक्य.

तुमची खटपटी


१८ फेब्रुवारी

चि. खटपटीस आशीर्वाद.

चारही प्लग क्रमाने कागदात गुंडाळून पाठवतोय. पुसलेले नाहीत. भिंग घेऊन बघ. इंजिन शांत आहे.

बाबा


२१ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या भागावर चकचकीत ठिपके आहेत, मिठाच्या कणांहून बारीक. ते पिस्टनचे कण आहेत. हे गुपचूप होत नाही, बाबा. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आलाच असणार.

मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला की आवाज येत होता, पण तुम्ही मान डोलावलीत म्हणून तो गप्प बसला. गाडीला हात लावू नकोस म्हटलं, तर किल्ली हरवलीय म्हणून नाहीतरी तो हात चोळतच बसलाय. चढणीवर पिस्टन फुटून चाकांखाली तेल गेलं असतं तर काय झालं असतं?

तुमच्यावर रागवायला बसले होते, पण चूक माझी आहे. आकडा समोर ओरडत होता आणि मी तुमचा कान धरून बसले. एकच विचारते. तुम्हाला ऐकू येईनासं कधीपासून झालं?

शनिवारी येतेय.

तुमची खटपटी


२४ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

पावसाळा संपल्यापासून. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग तुझा फोन. इंजिनाचा आवाज तरी राहील असं वाटलं होतं. चाळीस वर्षं ज्या कानाने पोट भरलं तो गेला, हे पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

ठिपके मी आधीच पाहिले होते. लिहायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. शेवटी प्लगच पाठवले, म्हटलं तेच सांगतील. किल्ली हरवलेली नाही, माझ्या खिशात आहे. धाकटा चौथ्यांदा सोफा उलटा करतोय, तेवढं त्याला सांगू नकोस.

शनिवारी ये. गाडी नंतर बघू. आधी माझ्यासमोर बसून सावकाश बोल, मोठ्याने. तुझी पत्रं मी तुझ्या आवाजात वाचत असतो, पण हल्ली तो आवाज मला नीट आठवेनासा झालाय.

वाट बघतोय, उशीर करू नकोस.
बाबा