एकटीचा तंबू

७ एप्रिल

सव्वा किलो! एका माणसाचा तंबू, अॅल्युमिनियमच्या दांड्या, सगळं मिळून सव्वा किलो. याहून हलके आहेत, पण ते माझ्यासारखीने नुसते बघायचे. याहून स्वस्तही आहे एक — तीन किलोचा, फायबरच्या दांड्यांचा. पहिल्याच वाऱ्यात मोडला असं चार जणांनी लिहिलंय. किर्गिझस्तानच्या डोंगरात मला पाचवी व्हायचं नाही. सव्वा किलोवाला मागवला.

दक्षाला दाखवला. ती आणि मी डहाणूच्या एकाच लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढतो. म्हणाली, "अरे बेन, एकली? कोणाची कंपनी तरी घे!" कोणाची घेऊ? ज्यांना ज्यांना विचारलं त्या "घरी विचारून सांगते" म्हणाल्या. घरं अजून विचारच करतायत. जुलैचं तिकीट मी काढून मोकळी झाले.

१२ एप्रिल

डहाणूतल्या माझ्या मसोलीच्या खोलीवर पार्सलं आली. पिसांची स्लीपिंग बॅग परवडली नाही. सिंथेटिक घेतली — जड आहे, फुगते, पण ओली झाली तरी ऊब देते म्हणे. खाली घालायला फोमची घडीची चटई. पाठीवर सात किलोच्या वर काही न्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सॅक उचलून बाजारात मच्छीवालीच्या काट्यावर ठेवली. ती म्हणाली, "सुकट आहे का गं आत?" सात किलो आठशे. दुसरी जीन्स बाद, जाड टॉवेल बाद.

२० एप्रिल

घरी गेले होते, तलासरीला, पाड्यावर. सांगून टाकलं एकदाचं.

सुनिलदादा हसला. "कापडात झोपायला परदेशी जायचं? बाबा जन्मभर भाताच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर झोपले, त्यांना कोणी तिकीट नाही दिलं." बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून प्रत्येक वाक्यात बाबा आणतो. बाबा माळ्यावर झोपले ते काम. मी झोपले तर नखरे. कमळीवहिनी म्हणाली, एवढ्यात सोन्याचं काहीतरी झालं असतं, लग्नात उपयोगी पडलं असतं. मी एकतीस वर्षांची आहे, वहिनी. कोणाच्या लग्नात?

आई भाकरी थापत होती. नेहमीसारखं काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

२७ एप्रिल

आज नुसता संताप!

तंबू नीट उभा राहतो का बघायला घरच्या अंगणात लावला. राहिला. मग मुठीएवढा बर्नर काढला. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिकडेच घ्यायचा. पण बर्नर इथे तपासलेला बरा, म्हणून एक छोटा डबा मुंबईहून मागवला होता. तंबूच्या तोंडाशी बसून चहा ठेवला.

वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि बघता बघता पांढरी पडली. पलीकडच्या घरातून बायजी आली. म्हातारीच्या हातात सुपात तांदूळ आणि मीठ. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "येगळी झालीस का गं पोरी? बरा केलास. नवी चूल रिकामी नको."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे वेगळं व्हायला कागद लागत नाही, भांडणही लागत नाही. त्याच अंगणात दुसरी चूल पेटली की घर फुटलं. पुढे जमिनीची वाटणी ओघाने येते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. काकांनी तसंच केलं होतं. पण गॅसच्या त्या खेळण्याला कोणी चूल म्हणेल असं मला वाटलंच नाही. सात वर्षं डहाणूत राहून मी पाडा विसरले.

चहा तसाच उकळून आटला. सुनिलदादा शेतावरून आला, तंबूकडे बघितलं, बर्नरकडे बघितलं आणि न जेवता बाहेर गेला. मी समजावत बसले नाही. सगळं तिथेच टाकून शेवटची एसटी पकडली.

२८ एप्रिल

दादाचा फोन. "हिस्सा पाहिजे होता तर सरळ सांगायचं. तंबूचं नाटक कशाला?"

४ मे

तीनदा समजावलं. फोनवर, समोर, वहिनीमार्फत. कोणाला पटत नाही. दुसरी जीन्स जड होते म्हणून ठेवून जाणारी बाई जमीन कुठे उचलून नेणार?

आणि खरं सांगायचं तर, आधी माझ्या मनात नव्हतं. आता येतं. डोंगराखालची ती भाताची खाचरं — लावणीला मी चिखलात उभी राहिले नव्हते का? ते कोणी काढत नाही.

११ मे

दादा मसोलीला खोलीवर आला. पहिल्यांदाच. येताना चिकू आणले. गोड बोलला. काय काय घेतलंस, थंडी किती असते, अस्वलं असतात का. मला वाटलं, काळजी करतोय. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग उठता उठता म्हणाला, "जायच्या आधी जमिनीच्या हक्कसोडावर सही करून जा. आईचाही अंगठा घेतोय. तू एकटी, एवढ्या लांब. तिकडे काही झालं तर इथे सगळं अडकून पडेल."

१२ मे

जमीन अडकेल म्हणून काळजी. मी अडकले तर चालेल.

१९ मे

सही करणार. करून टाकते आणि सुटते. भांडत बसले तर जुलै इथेच जाईल, आणि हा जुलै गेला की पुढचे सगळे जुलै जातील, मला माहीत आहे. दक्षा म्हणाली, "मूर्ख आहेस." असेन.

चटई कापून अर्धी केली. पायांना नाही मिळाली तरी चालते.

२६ मे

तलासरीच्या कचेरीत तास दीड तास बाकावर. दादा, मी, आई. दादाने आम्हाला भजी खाऊ घातली.

पहिला नंबर आईचा. कारकुनाने तिचा अंगठा शाईवर दाबला, कागदाकडे नेला. आईने हात ओढून घेतला. अंगठा लुगड्याला पुसला. नवं लुगडं होतं. म्हणाली, "माझा पन हिस्सा हाय ना यात? मंग मला नाय द्यायचा." एवढंच. कारकून म्हणाला, आजी, घरी ठरवून या. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच शिकवलंय. मी तर पेनचं टोपण काढून बसले होते.

दादाने कागद गुंडाळून घेतले. माझीही सही राहिली.

१ जून

टाकून आलेला तंबू न्यायला घरी पोचले, तर तो अंगणात पुन्हा उभा. आईने एकटीने लावलाय, दोऱ्या ताणून, माझ्यापेक्षा नीट. समोर तीन दगडांची चूल, त्यावर तिचा एकटीचा भात. वहिनी आत रडतेय. दादा तोंड चुकवून गुरांना पाणी दाखवतोय. बायजी सूप ठेवून गेलीय.

आई म्हणाली, "तू जा. पन हा हितंच राहू दे."

जुलै तोंडावर आलाय आणि मला पुन्हा तंबू शोधायचाय.