फिरत्या दवाखान्याच्या नव्या बॅटऱ्या

तिसगाव, सोमवार संध्याकाळ, १९७१

आज दिव्याखाली लिहितेय! या गाडीतच आम्ही पेशंट तपासतो आणि मुक्कामाला मी झोपतेही इथंच. पण आतल्या दिव्यांच्या बॅटऱ्या दिवाळीपासून बसलेल्या, म्हणून नुसता कंदील. आज एकदाच्या नव्या आल्या.

त्या जागेवर ठेवून सदाशिव ड्रायव्हरनं ओल्या कुंकवाची वाटी माझ्यापुढं धरली. "लावा बाई. गाडीच्या मालकीन तुमीच."

मी? हे गेल्यापासून कुंकवाला बोट लावलं नव्हतं. त्याला काय माहीत नाही? तरी वाटी हलेना. मग लावलं. पण डोळे मिटून, घाईघाईत, ते तारा जोडायच्या टर्मिनलवरच थापलं. त्यानं वर तारा आवळल्या, बटण दाबलं.

अंधार.

विधवेनं कुंकू लावल्यावर दुसरं काय होणार, हेच आलं मनात. नर्स ना मी? शिकलेली ना?

सदाशिव मात्र खदाखदा हसला. "लई थापलंत बाई! आन् मीबी येडा, कुंकवावरच तारा आवळल्या. करंट जाईल कुठनं?" त्यानं टर्मिनल घासूनपुसून तारा पुन्हा आवळल्या आणि गाडीभर उजेड! मी टाळ्याच वाजवल्या.

तर हा पुन्हा वाटी घेऊन पुढं. "आता परत लावा. पन बॅटरीच्या पेटीवर."

या वेळी डोळे उघडे ठेवून, सावकाश लावलं. बोट अजून लाल आहे. धुवायचं जिवावर आलं, म्हणून भाकरी तशीच ठेवली आणि चमच्यानं नुसता भात खाल्ला.